आजचं संकलन निरंक

१ नोव्हेंबर, शनिवार

ही डायरी पशुखाद्यवाल्यांनी आमच्या दूध संस्थेला फुकट दिलेली. वर्ष संपत आलं तरी कोरीच होती, आता कामाला आली. चौतीस वर्षं संस्थेचा सचिव म्हणून दुसऱ्यांच्या म्हशींच्या दुधाचं फॅट रोज दोन वेळा लिहिलं. म्हातारपणी स्वतःच्या पोटाचं लिहायची पाळी आली.

आज दुपारी डॉक्टरांकडं गेलो होतो. जांघेतला हर्निया ऑपरेशनला आलाय, पण डॉक्टर म्हणतात आधी कोठा. माझं पोट तीन-तीन, चार-चार दिवस हलत नाही. कुंथलं की हर्नियावर जोर, आणि ऑपरेशननंतर कुंथलं तर टाक्यांवर. “आजोबा, दोन आठवडे पोट सहज साफ होतंय असं मला वहीत दिसू दे, मग तारीख देतो,” म्हणाले.

पुढं त्यांनी जे विचारलं ते विचारूच नये. कडक होतं का, किती वेळ लागतो, रक्त पडतं का. शेजारच्या खुर्चीवर माझी सून अनुजा बसलेली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत ‘व्हय’, ‘न्हाय’ एवढंच बोललो. अनुजा सगळं कागदावर टिपून घेत होती. शाळामास्तरीण आहे, तिला टिपायची सवय. मला मात्र जमीन दुभंगली तर बरं असं झालं होतं.

ऑपरेशनसाठी मी इथं शहरात मुलाच्या फ्लॅटवर आलोय आणि गावाकडं म्हैस गाभण आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्यायची आहे. सध्या भावजय बाळाबाई बघते. त्याच्या आत ऑपरेशन उरकून मला घरी जायचंय. म्हणजे सगळं घोडं या पोटावर अडलंय.

डॉक्टरांना द्यायची प्रत वेगळी, स्वच्छ अक्षरात काढीन. या वहीत खरं लिहायचं.

आजचं संकलन : निरंक. दूध आलं नाही की संस्थेत असंच लिहायचो.

२ नोव्हेंबर, रविवार

अनुजानं डॉक्टरांचा कागद फ्रिजवर चिकटवला. दिवसाला दहा पेले पाणी. रोज पालेभाजी. मैदा बंद, चहा दोनदाच. सकाळ-संध्याकाळ चालणं. उठल्यावर कोमट पाणी पिऊन रोज एकाच वेळी जाऊन बसायचं, कळ आली तर दाबून ठेवायची नाही.

दुपारी चाकवताची पातळ भाजी, ज्वारीची भाकरी, काकडी. संध्याकाळी पपई. ऋतुराज, माझा मुलगा, ताटाकडं बघून म्हणाला, “आबा, तुमच्यामुळं माझं बी रविवारचं मटण गेलं की ओ.” मटण गेलं नव्हतं. अनुजानं त्याला वेगळं वाटीभर ठेवलं होतं, मलाही दोन फोडी आणि पांढरा रस्सा दिला. स्वयंपाक बेस करते, खोटं का बोला. बायको चिमणाबाई आज असती तर तिनंही नाव ठेवलं नसतं, आणि ती सहसा कुणाला सोडायची नाही.

निरंक.

५ नोव्हेंबर, बुधवार

चार दिवस पालेभाजी खाऊन बकरं व्हायची वेळ आली. निरंक.

पाण्याचं एक लिहून ठेवतो. दहा पेले पाणी प्यायचं म्हणणाऱ्या डॉक्टराला सत्तर वर्षांच्या माणसाचं काय माहीत? प्यायलं की रात्री तीनदा उठावं लागतं. इथं संडासाकडं जाताना ऋतुराज-अनुजाच्या खोलीवरनं जायचं. अंधारात बटण चाचपडायचं, काहीतरी पाडायचं, मग दोघं जागी. सकाळी तिची शाळा, ह्याची शिरोलीच्या कारखान्यात पाळी. म्हणून दुपारनंतरचं पाणी मी गॅलरीतल्या जास्वंदीला घालतो. अनुजा विचारते, “मामा, पाणी पिलासा?” मी म्हणतो, “व्हय की.” डॉक्टरांच्या प्रतीत आठ पेले लिहिलेत. संस्थेत असताना एक थेंब पाण्याची नोंद चुकवली नव्हती, इथं चुकवतोय.

९ नोव्हेंबर, रविवार

इसबगोल आणलाय. पेलाभर पाण्यातनं घ्या म्हणून पुडीवर छापलंय. मी चमचाभर तसाच तोंडात टाकून वर घोटभर पाणी घेतलं, नाहीतर परत पाणी वाढणार. दोन दिवस पोटात गवंड्यानं सिमेंट कालवून ठेवल्यासारखं झालंय. शुक्रवारी जे काय थोडं झालं होतं तेवढंच.

निरंक.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज लाज वाटावी असं घडलं.

रंकाळा तलावाकाठी फिरताना गणपतराव भेटतात. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, रोज त्याच कठड्यावर बसलेले. त्यांना काल सगळं सांगितलं. म्हणाले, “त्या पालेभाज्येनं काय हुतंय? घाटात गाडी बंद पडली की ढकलाय लागती. एरंडेल घ्या, चांगलं वाटीभर.” त्यांनीच बाटली आणून दिली. पहाटे चहातनं घेतलं, वाटीभर नाही पण अर्धी होती.

सातच्या सुमाराला रंकाळ्याच्या फेरीत मधोमध पोचलो आणि गाडी सुटली. ब्रेकच लागेना. रिक्षा करून घरी आलो तर आत ऋतुराज दाढी करत बसलेला. मी दार बडवलं. पुढचं लिहीत नाही. लुंगी मीच धुतली, कुणाला हात लावू दिला नाही.

दिवसभरात सात वेळा. अनुजानं शाळेतनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हे धरायचं नाही, उलट अशानं माणूस खंगतो, मीठ-साखरेचं पाणी द्या आणि बाहेरचं काही देऊ नका. संध्याकाळी तिनं ताकभात कालवून दिला. एरंडेलाची बाटली गायब होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

निरंक. आता खरं लिहितो, कारण इथं नाही लिहिलं तर कुठं लिहू.

मला कळ येत नाही असं नाही. सकाळी साडेसहाला बरोबर येते, गावाकडं यायची तशी. पण गावाकडं संडास परसात, गोठ्याच्या पलीकडं. आमच्याकडं परसाकडं जाणं म्हणजे घरापासनं लांब जाणं. चिमणाबाई कधी विचारायची नाही, मीही कधी सांगितलं नाही. इथं संडासाची आणि स्वयंपाकघराची भिंत एक. वरची झडप उघडी. आत बसलं की अनुजाच्या बांगड्या ऐकू येतात, भाकरी थापल्याची थापथाप ऐकू येते. म्हणजे माझंही तिला ऐकू जात असणार. सासरा आत बसून कुंथतोय आणि भिंतीपलीकडं सून डबा करतेय. आली कळ तशीच परत जाते.

म्हणून मी आत गेलो की बादलीत नळ पूर्ण सोडून ठेवतो, नुसता आवाज व्हावा म्हणून. आज सोसायटीचा सेक्रेटरी वर आला. “वहिनी, तुमच्या घरातनं सकाळी टाकी रिकामी व्हायलीय. नळ गळतोय काय बघा.” अनुजानं एकदा संडासाच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, “व्हय, गळतोय. करून घेतो.”

नळ गळत नाही. तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं, की तिला खरंच तसं वाटलं, कोण जाणे. उद्यापासनं नळ बंद.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

निरंक. घरात फुटकळ गोष्टी कुणी जागेवर ठेवत नाही. माझ्या उशाशी पाण्याची बाटली, त्यावर पेनानं रेघा मारलेल्या, ‘दहापर्यंत’, ‘एकपर्यंत’, ‘पाचपर्यंत’. पाचच्या खाली रेघ नाही. शाळेतला कसलातरी प्रयोग असेल, पण बाटली चांगली आहे म्हणून मीच वापरतो. संडासाकडच्या बोळात रात्रभर छोटा दिवा जळतो, दोन दिवस झाले. ऋतुराज पाळीवरनं उशिरा येतो म्हणून असणार. मला मात्र उठायला सोपं जातंय. आणि संडासात कुणीतरी जेवायचा पाट विसरलंय! कमोडच्या पुढ्यात. मी त्यावर पाय ठेवून बसलो तर बसणं गावाकडच्यासारखं झालं, गुडघे वर आले. विसरलेला पाट काढून ठेवायला हवा, पण राहू दे म्हटलं.

जास्वंद कुजली. अनुजा म्हणाली, “मामा, ह्या झाडाला आता पाणी नको. जेवढं हाय तेवढंच त्याला लय झालं.”

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी मी आत गेलो आणि पलीकडं मिक्सर सुरू झाला. केवढा आवाज. कपाळ उठलं. पण त्या गोंधळात थोडं झालं. पहिल्यांदा, जोर न लावता.

संकलन : अल्प.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काल आणि आज, मी दाराची कडी लावली की मिक्सर. चांगला पाच-सात मिनिटं चालतो. बंद होतो, थांबतो, परत चालतो. दोन्ही दिवस पोट साफ झालं, ते चांगलं झालं. डॉक्टरांच्या प्रतीत खरं लिहायला मिळालं.

पण हा मिक्सर काय प्रकार आहे? घरात शेंगदाण्याची चटणी दोन बरण्या, खोबऱ्याची एक, लसणाची एक. इतकी चटणी तीन माणसं खाणार तरी किती? मला वाटतं अनुजा चिडलीय. बायका चिडल्या की भांडी आपटतात, ही शिकलेली आहे, मिक्सर आपटते. तिच्या जागी मी असतो तरी चिडलो असतो. साडेसहाला शाळेची घाई, डबे, आणि वर सासऱ्याचं पाणी मोजा, पपई चिरा, ताक घुसळा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी गॅलरीत फोनवर बोलताना ऐकलं. मुद्दाम ऐकलं नाही, कानावर आलं. वडगावला तिच्या आईशी बोलत असावी. “न्हाय गं, कशी येऊ? मामा हायत न्हवं हितं. ... त्ये असंपर्यंत मला कुठं निघायला येत न्हाय. ... न्हाय म्हटलं ना आई.”

म्हणजे माझ्यामुळं पोरीचं माहेर बंद झालंय. बरोबरच आहे. पाहुणा चार दिवस गोड लागतो, मी महिना काढला. आज सकाळी मिक्सरही कालच्यापेक्षा जास्त वेळ चालला.

पोट साफ झालं. त्याचाही आनंद वाटला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरवलं. उद्या दुपारच्या गाडीनं हातकणंगल्याला, तिथनं गाव. ऑपरेशनचं पुढं बघू. पट्टा लावून काढू काही महिने. कपडे पिशवीत भरलेत, पलंगाखाली सारलीय. ऋतुराजला आज सांगत नाही. त्याला सांगितलं तर तो अडवणार, म्हणून निघताना सांगेन.

अनुजाला काय सांगावं ते सुचत नाही. ‘तुला मोकळं करतोय’ असं म्हटलं तर तिला लागेल. पोर वाईट नाही. आठ वर्षांत वावगा शब्द नाही. माणसाला वैताग येतोच.

बाळाबाईला फोन केला. म्हणाली, “म्हस बरी हाय. तुमी आदी सवता बरं व्हा की भावजी.” तिलाही मी नकोच दिसतोय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गेलो नाही.

सकाळी सव्वासहाला नेहमीसारखं कोमट पाणी पिऊन आत गेलो. कडी लावली, मिक्सर सुरू झाला. बसायच्या आधी लक्षात आलं, चष्मा कपाळावरच आहे, मागच्या वेळी असाच कमोडात पडला होता. ठेवून यावा म्हणून कडी काढून बाहेर आलो. मिक्सरच्या आवाजात तिला माझी चाहूल लागली नाही.

अनुजा ओट्याशी उभी होती. अंगावर शाळेची साडी, केसाला टॉवेल. डबे भरून झाकून ठेवलेले, गॅस बंद. एका हातानं मिक्सरचं झाकण दाबून धरलेलं आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. भांडं काचेचं आहे. आत काही नव्हतं. शेंगदाणा नाही, खोबरं नाही, थेंबभर पाणी नाही. रिकामं पातं फिरत होतं.

मी दोन क्षण बघितलं आणि आलो तसा मागं फिरलो. कडी लावली. बसलो. माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि पोटही सुटलं, दोन्ही एकदमच. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

डबे सव्वासहाच्या आधीच तयार असतात. म्हणजे ती पाचला उठते. डबे उरकून मी आत जायची वाट बघते, आणि माझी लाज झाकायला रिकामा मिक्सर धरून उभी राहते. आणि मी मूर्ख माणूस म्हणतोय सून चिडली. बाटलीवरच्या रेघा, बोळातला दिवा, पाट. चौतीस वर्षं लोकांच्या दुधातलं पाणी ओळखलं, पण घरातली माया ओळखता आली नाही. संस्थेनं मला सचिव कसा ठेवला हेच नवल.

तिला काही बोललो नाही. बोललो असतो तर तीच लाजली असती. शाळेतनं आल्यावर एवढंच म्हणालो, “अनुजा, पाणी पाचपर्यंत सगळं संपीवलं बघ.” तिनं बाटली उजेडात धरून बघितली. “शाब्बास,” म्हणाली. चौथीच्या पोराला म्हणावं तसं.

कपडे परत कपाटात लावले.

८ डिसेंबर, सोमवार

दोन आठवडे रोज सकाळी. वेळ साधारण सहा वीस ते साडेसहा. जोर लागत नाही. इसबगोल पेलाभर पाण्यातनंच. रंकाळ्याला एक फेरी सकाळी, अर्धी संध्याकाळी. गणपतरावांनी आता डोक्याला लावायचं तेल आणलंय, तेही नको म्हटलं.

डॉक्टरांनी प्रत बघितली, अक्षराचं कौतुक केलं. शुक्रवारची तारीख दिली. मी आपण होऊन म्हणालो, “आधीची पाण्याची आकडेवारी खोटी हाय डॉक्टर, बावीस तारखेपास्नं खरी.” अनुजा शेजारीच होती, ती हसली.

काल वडगावला तिच्या चुलतभावाची हळद होती. ती गेली नाही. विचारलं तर म्हणते, वह्या तपासायच्या होत्या. मी तिला रागावलो. म्हटलं, मी काय तान्हा आहे का? तिनं माझ्या ताटात मेथी वाढली.

११ डिसेंबर, गुरुवार

म्हैस व्याली. रेडी झाली. बाळाबाईनं फोनवरनं रेडकाचं ओरडणं ऐकवलं. मी तिथं नव्हतो आणि काही अडलं नाही. उद्या ऑपरेशन. भीती वाटते. कापण्याची नाही, त्यानंतरच्या पहिल्या वेळेची.

१४ डिसेंबर, रविवार, दवाखाना

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवस वही धरता आली नाही.

दोन रात्री ऋतुराज इथं झोपला, आज पहाटे पाळीवर गेला. शुक्रवारपासनं पोट बंद. गुंगीच्या औषधानं असं होतं म्हणे. नर्स येऊन सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारते, “आजोबा, संडास झाली का?” मी मान हलवतो. टाके ओढतात. वाटतं, जोर लागला तर फाटणार.

अनुजा सातला थर्मासमधनं गरम पाणी आणि मऊ खिचडी घेऊन आली. नऊच्या सुमाराला कळ आली. वॉर्डबॉय येईल, त्याला सांगू म्हटलं. दहा मिनिटं गेली, वॉर्डबॉय येईना. अनुजा पेपर वाचत होती. तिनं पेपर खाली ठेवून माझ्या तोंडाकडं बघितलं.

“चला मामा,” म्हणाली.

“वॉर्डबॉय येऊ दे.”

“डॉक्टर काय म्हणाल्यात? कळ दाबायची न्हाय. उठा.”

तिनं माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. लग्न होऊन आठ वर्षं झाली. पाया पडताना सोडलं तर तिचा हात मला कधी लागला नव्हता. माझं निम्मं वजन तिच्या खांद्यावर आणि मी एक एक पाऊल टाकत गेलो. तिनं मला आत आणून बसतं केलं, पाय ठेवायला औषधांचा एक खोका आडवा लावला आणि तोंड फिरवून बाहेर गेली. दार ओढून घेतलं.

“मी लांब व्हरांड्यात जाऊन थांबतो मामा. झालं की हाक मारा. घाई करू नका.”

तिची चप्पल वाजत लांब जायला लागली. इथं आवाज झाकायला काहीच नव्हतं. सगळा मजला शांत. आणि मला तिच्या ऐकण्याची लाज वाटेना, ती लांब जाण्याची भीती वाटायला लागली. ती गेली तर माझ्यानं होणार नाही, मी इथंच आवळून बसेन, टाके तुटतील असं वाटलं.

“अनुजा!”

चप्पल थांबली. “काय मामा?”

“जाऊ नगंस. हितंच थांब, दाराला.”

ती परत आली. दाराखालच्या फटीतनं तिची पावलं दिसत होती, अगदी जवळ. मी त्या पावलांकडं बघत बसलो. जोर लावावा लागला नाही.

“झालं गं,” मी आतनं म्हणालो.

दारापलीकडनं तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

“मामा, दार उघडू?”

मी सावकाश आवरलं, लुंगी सारखी केली आणि म्हणालो, “उघड.”